सोमल कुणाकडे, संशय कुणावर



अमक्यानं दिलेल्या शब्दाला हरताळ फासला, असं आपण सहज बोलून जातो. हा हरताळ संपाचा नव्हे. संपाचा हरताळ गुजरातीतून आला, दुकानाला टाळं लावण्याचा. फासायचा हरताळ म्हणजे एक पिवळा खनिज दगड. पूर्वी पोथी उतरवून घेताना अक्षर चुकलं की त्यावर या दगडाची पूड खलून फासत. खालचं अक्षर झाकलं जाई आणि वर नवं लिहिता येई. पोथ्या सांभाळणाऱ्यांना त्याचा दुसराही गुण माहीत होता. हरताळ लावलेल्या कागदाला कीड लवकर लागत नाही. कशी लागेल, तो विषारी असतो! पिवळा हरताळ, तांबडी मनशीळ आणि असली खनिजं भाजल्यावर धुरातून जमणारी पांढरी भुकटी, म्हणजे सोमल, ही सगळी एकाच घरची भावंडं. त्या घराला इंग्रजीत आर्सेनिक म्हणतात.

आज या सोमलाच्या गोष्टी सांगते. त्या आपल्याकडच्या नाहीत, इंग्लंडातल्या आहेत, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या. पण खऱ्या आहेत. ऐकताना मध्येच हसू येतं आणि लगेच आपण कशाला हसलो असं वाटतं, अशा जातीच्या. कुणी जेवायला बसल्या असाल तर ताट संपवून मग ऐका.

तेव्हाच्या इंग्लंडात सोमल फार स्वस्त होता. तांबं आणि कथील काढायच्या खाणींत तो आपोआप निघायचा. खनिज भाजलं की धुराड्यात पांढरी पूड साचायची, ती खरवडून पिंपांत भरायची आणि विकायची. वाण्याकडे चहा-साखरेच्या शेजारी मिळायचा, उंदीर मारायला. दिसायला पिठासारखा, बारीक साखरेसारखा. वास नाही आणि चव जवळजवळ नाहीच. पोटात गेला की उलट्या, जुलाब, पोटात आग, हातापायाला गोळे. हे वर्णन ऐकल्यावर त्या काळचा कुठलाही डॉक्टर काय म्हणेल? कॉलरा. आणि कॉलऱ्याची साथ तर तिथे वरचेवर यायचीच. त्यामुळे सोमलानं मेलेला माणूस कॉलऱ्यात खपून जायचा, आणि खरोखर कॉलऱ्यानं मेलेल्या माणसाच्या बायकोकडे शेजारी तिरक्या नजरेनं बघायचे.

बायकोकडेच का? कारण चूल तिच्या ताब्यात. पेज ती करते, औषध ती पाजते. १८४०च्या दशकात एसेक्स परगण्यात विषप्रयोगाचे काही खटले झाले, त्यांत बायका आरोपी होत्या, आणि वर्तमानपत्रांनी असं चित्र उभं केलं की खेडोपाडी बायका नवऱ्यांच्या वाटीत सोमल कालवत बसल्यात. पुरुषांनीही विष घातल्याचे खटले होत होते. पण ‘बायकोनं नवऱ्याला विष घातलं’ ही बातमी ज्या चवीनं वाचली जाते त्या चवीनं दुसरी वाचली जात नाही. हे काही त्याच देशाचं किंवा त्याच काळाचं वैशिष्ट्य नाही.

शेवटी १८५१ साली पार्लमेंटनं सोमलाचा कायदा करायला घेतला. त्यातल्या तरतुदी तशा शहाणपणाच्या होत्या. दुकानदारानं वही ठेवायची, घेणाऱ्याचं नाव, गाव आणि कारण लिहायचं, सही घ्यायची. अनोळखी माणसाला द्यायचा नाही. आणि किरकोळ विकताना त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे तो पांढरा राहणार नाही आणि पिठात किंवा दुधात पडला तर लगेच दिसेल. मग वरिष्ठ सभागृहातल्या एका उमरावानं, अर्ल ऑफ कार्लाइल यांनी, त्यात एक कलम घातलं. सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा. थोडक्यात, घरात उंदीर झाले तर बाईनं नवऱ्याला दुकानात पाठवायचं.

याला विरोध केला तो जॉन स्टुअर्ट मिल यांनी. मोठे तत्त्वज्ञ. पोटापाण्यासाठी मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी करायचे, हिंदुस्थानचा पत्रव्यवहार बघायचे. त्याच वर्षी त्यांनी हॅरिएट टेलर या विदुषीशी लग्न केलं होतं, आणि लग्नाआधी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं की कायदा नवऱ्याला बायकोवर जे हक्क देतो ते मला नकोत. अशा माणसाला ते कलम कसं रुचावं? त्यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा असा. हे कलम म्हणजे देशातल्या सगळ्या स्त्रियांचा अपमान आहे. मागचे दोन-तीन खुनी तांबड्या केसांचे निघाले असते, तर तांबड्या केसांच्या सगळ्या पुरुषांना हत्यार बाळगायची बंदी करणार होता का? कायदा मंजूर झाला तेव्हा ते कलम त्यात नव्हतं.

म्हणजे बाईला सोमल मिळू लागला, पण वहीत सही करून आणि काजळी घातलेला. घाऊक व्यापाराला मात्र कायद्यानं हात लावला नाही. रंगाच्या कारखान्यांत तो गाडीभर गेला तरी कुणी विचारायचं नाही. पिंपातला सोमल पांढराच राहिला. पुढच्या गोष्टीत या पिंपाला महत्त्व आहे.

यॉर्कशर भागात ब्रॅडफर्ड नावाचं गिरणगाव आहे, लोकरीच्या गिरण्यांचं. तिथल्या बाजारात विल्यम हार्डेकर नावाचा माणूस पेपरमिंटच्या गोळ्यांची गाडी लावायचा. त्या गोळ्यांना तिकडे ‘हंबग’ म्हणत, म्हणून तो हंबग बिली. हंबग या शब्दाचा दुसरा अर्थ थोतांड, फसवणूक. नाव इतकं चपखल की कुणाला वाटेल मीच बनवून सांगतेय.

बिली गोळ्या स्वतः करत नसे. जोसेफ नील नावाचा कारागीर त्या पुरवायचा. गोळीत साखर, डिंक आणि पेपरमिंटचं तेल. पण साखर तेव्हा महाग होती, साडेसहा पेन्सला एक पौंड. मग सगळेच गोळीवाले साखरेचा काही भाग काढून त्या जागी ‘डॅफ’ नावाची पांढरी पूड घालत. डॅफ म्हणजे जिप्समची भुकटी, ज्या दगडापासून प्लास्टर करतात तो. अर्ध्या पेनीला एक पौंड, म्हणजे साखरेच्या तेराव्या हिश्शात. यात कुणाला लाज नव्हती. डॅफ उघड मिळायचा, औषधाच्या दुकानात. गरिबाच्या पोरानं पेनीची गोळी खायची तर त्यात थोडं प्लास्टर येणारच, अशी सगळ्यांची समजूत होती.

१८५८चा ऑक्टोबर. नीलकडचा डॅफ संपला, म्हणून त्यानं आपल्या घरी राहणाऱ्या जेम्स आर्चर नावाच्या भाडेकरूला तीन मैलांवरच्या शिपलीला पाठवलं, चार्ल्स हॉजसन या औषधविक्याकडे. हॉजसन आजारी होता, अंथरुणावर. दुकानात त्याचा शिकाऊ पोरगा होता, विल्यम गॉडर्ड, कामावर नवाच. त्यानं मालकाला विचारलं, डॅफ कुठे ठेवलाय? मालकानं सांगितलं, माळ्यावर कोपऱ्यात पिंपात आहे. पोरगा माळ्यावर गेला. कोपऱ्यात पिंप होतं. आत पांढरी पूड होती. त्यानं बारा पौंड मोजून दिली, आपल्या हिशेबानं जवळजवळ साडेपाच किलो.

तो सोमल होता. डॅफचं पिंप शेजारी होतं.

आता इथून पुढे नीट लक्ष द्या, कारण या गोष्टीतलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं इथेच आहे. ती पूड नीलच्या कारखान्यात आली. जेम्स ॲपलटन नावाच्या जुन्या, हात बसलेल्या कारागिरानं ती साखरेत मळली, गोळ्या पाडल्या. मळता मळताच त्याला उलट्या झाल्या, हात दुखायला लागले. तो घरी जाऊन पडला. गोळ्या नेहमीसारख्या दिसत नाहीत हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पण माल तयार होता. चाळीस पौंड गोळ्या हंबग बिलीकडे गेल्या. बिलीनं बघितलं, त्यालाही रंग वेगळा वाटला. मग त्यानं काय केलं? भाव पाडून मागितला. नीलनं कमी केला. बिलीनं एक गोळी तोंडात टाकून बघितली आणि सगळ्यांत आधी आजारी पडणाऱ्यांत त्याचाही नंबर लागला.

कारागिराला दिसलं, विकणाऱ्याला दिसलं, आणि दिसलेल्या गोष्टीतून निघालं काय, तर सूट.

३० ऑक्टोबर, शनिवार. गिरणी कामगारांच्या पगाराची संध्याकाळ. बाजारात गर्दी, आणि घरी जाताना पोरांसाठी पेनीच्या गोळ्या न्यायच्या ही रीतच. त्या एका संध्याकाळी बिलीच्या गाडीवरून पाच पौंड गोळ्या गेल्या, सव्वादोन किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन लहान मुलं गेल्याचं कळलं. डॉक्टरांना आधी काय वाटलं असेल ते तुम्ही ओळखलंच. कॉलरा. मग आणखी घरांतून बोलावणी यायला लागली आणि प्रत्येक घरात गोळ्यांची पुडी निघाली, तेव्हा पोलीस बिलीच्या दारात पोचले. तिथून नील, नीलकडून हॉजसनचा माळा. गावात दवंडी पिटली, भिंतींवर कागद लावले, गोळ्या खाऊ नका. रसायनतज्ज्ञानं गोळ्या तपासल्या. एका गोळीतला सोमल दोन माणसांना पुरेल इतका होता. वीसच्या वर माणसं गेली, बरीचशी लहान मुलं, आणि दोनशेच्या आसपास अत्यवस्थ झाली. उरलेल्या पस्तीस पौंड गोळ्या विकल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं याचा हिशेब मी करत नाही.

आधी त्या शिकाऊ पोराला पकडलं. मग हॉजसन आणि नील यांच्यावरही सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला. डिसेंबरात यॉर्कच्या न्यायालयापर्यंत पोचेतो पोरावरचा आणि नीलवरचा आरोप काढून टाकला होता, आणि हॉजसन निर्दोष सुटला. कायद्यानं बघितलं तर बरोबरच होतं. साखरेत प्लास्टर घालणं गुन्हा नव्हता. आणि सोमल विकल्याची वही कुणी लिहिणार कशी, सोमल विकतोय हे विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं! बाईच्या सहीवर आणि काजळीवर बेतलेला कायदा माळ्यावरच्या पिंपाजवळ पोचलाच नाही. एवढं खरं की ब्रॅडफर्डनंतर गप्प बसणं कठीण झालं. १८६० साली अन्नातल्या भेसळीविरुद्ध पहिला कायदा आला, आणि १८६८ साली विषारी औषधं कोण विकू शकतो, त्यावर चिठ्ठी कशी हवी, याचा. खाण्यात काय घातलंय हे सरकार तपासू शकतं, ही कल्पना तिथे अशी वीसएक जीव घेऊन आली.

गोळीतला सोमल चुकून गेला. पण घराघरात तो मुद्दाम, हौसेनं आणि पैसे मोजून नेला जात होता, हिरव्या रंगातून.

हिरवा रंग पक्का आणि झगझगीत मिळणं पूर्वी अवघड होतं. निळ्यावर पिवळा चढवा, तो धुण्यात उतरणार. १७७५च्या सुमारास स्वीडनमधल्या शील नावाच्या रसायनतज्ज्ञानं तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून हिरवा रंग काढला. १८१४ साली जर्मनीत त्याहून सुंदर, पाचूसारखा रंग निघाला, तोही त्याच दोन वस्तूंचा. दिव्याच्या उजेडात हा हिरवा उठून दिसायचा. मग काय, भिंतीचे कागद हिरवे, झगे हिरवे, खेळणी हिरवी, मेणबत्त्या हिरव्या, डोक्यात माळायच्या कापडी पानाफुलांचे गुच्छ हिरवे.

ही पानं करायच्या लंडनमध्ये वर्कशॉपा होत्या. तिथे पोरी कामाला. मेणात बुडवलेल्या कापडी पानावर हिरवी पूड बोटांनी झटकायची, म्हणजे पान ओलं, ताजं दिसतं. दिवसभर ती पूड हवेत, नखांत, भाकरीच्या तुकड्यावर. मटिल्डा शॉयरर ही अशीच एक पोरगी, एकोणीस वर्षांची. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती गेली. शेवटी तिच्या उलट्या हिरव्या होत्या, डोळ्यांतला पांढरा भाग हिरवट झाला होता, आणि तिनं डॉक्टरांना सांगितलं की बघेन ते सगळं हिरवं दिसतंय. शवचिकित्सेत आर्सेनिक निघालं.

याची दाद लावली ती बायकांनीच. लेडीज सॅनिटरी असोसिएशन नावाची आरोग्याचं काम करणारी स्त्रियांची संस्था होती. तिच्यातल्या बायका या वर्कशॉपांत जाऊन आल्या, पोरींच्या हातांचे आणि तोंडावरचे फोड बघून आल्या. मग हॉफमन या नामवंत रसायनतज्ज्ञाकडे माळायच्या गुच्छातली पानं तपासायला दिली. फेब्रुवारी १८६२ मध्ये ‘टाइम्स’मध्ये त्यांचं उत्तर छापून आलं. एका बाईच्या डोक्यावरच्या गुच्छात वीस माणसं मरतील इतकं विष आहे. लेखाचं नाव होतं ‘मृत्यूचं नृत्य’. आठवड्याभरात ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानं चित्र काढलं, सुटाबुटातला सांगाडा झगा घातलेल्या सांगाड्याला वाकून नाचायला बोलावतोय. लोक पोट धरून हसले.

हसले ते झगा घालणाऱ्या बाईला. डॉक्टरांच्या मासिकातही विनोद झाला, की या बाईच्या घेरात तिच्या साऱ्या चाहत्यांना पुरून उरेल इतकं विष आहे. पुन्हा तीच विष घालणारी बाई, आता नाचायला आलेली. झगा घालणारीला फार तर अंगावर पुरळ यायचं. मरायची ती पान करणारी, आणि रंग विकणारा चित्रात कुठेच नव्हता.

भिंतीच्या कागदांचंही तसंच. त्याच १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एका घरातली चार लहान मुलं एकापाठोपाठ गेली. आधी घटसर्प म्हणाले. पण शेजारीपाजारी कुणालाच घटसर्प झाला नाही. खोलीला हिरवा कागद होता. तज्ज्ञानं साक्ष दिली की दोष कागदाचा, पण पंचांनी नैसर्गिक मृत्यू ठरवला. कागद छापणाऱ्यांचं म्हणणं, भिंत काही कुणी चाटत नाही.

असा कागद छापणाऱ्यांत एक फार गाजलेलं नाव होतं, विल्यम मॉरिस. वेलबुट्टीचे इतके देखणे नमुने की आजही त्यांच्या नकला पडद्यांवर आणि उशांवर दिसतात. माणूस समाजवादी, कामगारांच्या बाजूनं बोलणारा. त्यांच्या सुरुवातीच्या कागदांत आर्सेनिकचा हिरवा रंग होता. आणि त्यांच्या घरची श्रीमंती आली होती डेव्हन परगण्यातल्या एका तांब्याच्या खाणीतून. तांबं संपत आलं तेव्हा ती खाण सोमल विकून चालली. जगातल्या सगळ्यात मोठ्या सोमल काढणाऱ्यांत तिची गणना होती. मॉरिस काही वर्षं तिचे संचालक होते. १८७५ साली त्यांनी राजीनामा दिला आणि संचालकपदाची खूण म्हणून वापरायची उंच टोपी खाली ठेवून तिच्यावर बसले, असं सांगतात. पुढे १८८५ मध्ये रंगाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की ही आर्सेनिकची भीती म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे, डॉक्टरांना जणू चेटकिणींच्या शोधाचं वेड लागलंय. मला त्यांच्या बुट्ट्या आवडतात. हे पत्र वाचल्यापासून जरा लांबून आवडतात.

इंग्लंडनं हिरव्या कागदावर बंदी घातलीच नाही. गिऱ्हाईकच ‘बिनआर्सेनिकचा’ कागद मागायला लागलं, तेव्हा तो बंद झाला.

आता शेवटच्या दोन गोष्टी, न्यायालयातल्या. त्या जोडीनंच सांगायला हव्यात.

१८३६ साली जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं प्रेतात आर्सेनिकचा अंशही सापडेल अशी चाचणी काढली होती. आता विष घालणारा सुटणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. अडचण एवढीच की भिंतीत, झग्यात, औषधात सगळीकडे आर्सेनिक असलेल्या देशात ते सापडणं म्हणजे काय मोठं? १८५९ साली थॉमस स्मेदर्स्ट या डॉक्टरवर खटला झाला. पहिली बायको असताना त्यानं दुसरीशी लग्न केलं होतं, आणि ही दुसरी पोटाच्या विकारानं गेली, इस्टेट त्याच्या नावे करून. देशातले सगळ्यात मोठे विषतज्ज्ञ टेलर यांनी आर्सेनिक सापडल्याचं सांगितलं होतं. मग खटल्यात त्यांना कबूल करावं लागलं की ते तपासणीसाठी वापरलेल्या त्यांच्याच तांब्याच्या जाळीत होतं! तरी फाशी सुनावली. पण मरण विषानं आलं हे पक्कं नाही, म्हणून गृहमंत्र्यांनी पूर्ण माफी दिली. मग दोन बायका केल्याबद्दल त्याला एक वर्षाची कैद झाली. बाहेर येऊन त्यानं मृत बाईच्या मृत्युपत्राचा दावा लावला आणि जिंकला.

तीस वर्षांनी, १८८९ मध्ये, लिव्हरपूलचा कापूस व्यापारी जेम्स मेब्रिक आजारी पडून मेला. बायको फ्लोरेन्स, अमेरिकन, त्याच्याहून बरीच लहान. एप्रिलमध्ये तिनं दुकानातून माश्या मारायचे कागद आणले होते. त्यांत आर्सेनिक असतं. ते पाण्यात भिजत घातलेले नोकरांनी बघितले होते. तिचं म्हणणं, चेहऱ्याला लावायचं पाणी करत होते. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सोमलानं कांती उजळते ही समजूत तेव्हा घट्ट होती. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागातले डोंगरी लोक सोमल चिमटीनं खातात आणि तुकतुकीत दिसतात, अशा बातम्या १८५१ पासून येत होत्या. आणि नवरा? तो स्वतःच वर्षानुवर्षं ताकदीसाठी सोमल घ्यायचा. मेल्यावर घरभर सोमल सापडला, बाटल्यांत, पुड्यांत. शरीरात मात्र जीव जाईल इतका सापडला नाही.

पण दुसरं एक सापडलं होतं. फ्लोरेन्सनं एका परपुरुषाला लिहिलेलं पत्र. टपालात टाकायला दिलं ते मुलीच्या हातून चिखलात पडलं, म्हणून लिफाफा बदलायला उघडलं, असं मुलं सांभाळणाऱ्या बाईनं न्यायालयात सांगितलं. नवऱ्याचेही बाहेर संबंध होते. त्यावर खटला नव्हता.

न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे नाव आपल्या वकीलमंडळींना ओळखीचं. १८७२चा भारतीय पुरावा कायदा यांनीच लिहिला, आणि २०२४ पर्यंत आपली न्यायालयं त्यावर चालली. पुरावा कशाला म्हणायचं हे ज्यानं अख्ख्या हिंदुस्थानला शिकवलं, त्यानं या खटल्याचा समारोप दोन दिवस केला आणि तिच्या बदफैलीपणावर फार जोर दिला. ज्यूरीनं तिला दोषी ठरवलं, फाशी सुनावली गेली. दोन वर्षांनी ढासळत्या बुद्धीमुळे स्टीफन यांना न्यायासन सोडावं लागलं.

लोकांनी ओरड केली. गृहमंत्र्यांनी फाशी रद्द केली, पण त्यांचं कारण ऐका. हिनं नवऱ्याला मारायच्या हेतूनं सोमल दिला हे स्पष्ट आहे, मात्र तो सोमलानंच मेला का, याबद्दल वाजवी शंका उरते. म्हणून जन्मठेप. म्हणजे ज्या खुनाबद्दल खटला चालला त्याची खात्री नाही, आणि ज्याची खात्री आहे म्हणतात त्या गुन्ह्यासाठी खटला चाललाच नव्हता. अपील करायची सोयही नव्हती. फौजदारी अपिलाचं न्यायालय इंग्लंडात १९०७च्या कायद्यानं आलं.

स्मेदर्स्टच्या वेळी याच शंकेवर माफी मिळाली होती. फ्लोरेन्स जवळजवळ पंधरा वर्षं तुरुंगात होती, १९०४ साली सुटली. अमेरिकेत परतली, माहेरचं नाव लावून कनेटिकट राज्यात एका झोपडीवजा घरात मांजरं पाळून राहिली, आणि १९४१ साली गेली. ही कोण, ते बहुतेक शेजाऱ्यांना तेव्हा कळलं.

ती तुरुंगात होती त्याच वर्षांत तिच्या मायदेशी सिअर्स नावाच्या मोठ्या कंपनीच्या टपाल कॅटलॉगमध्ये कांती उजळायच्या आर्सेनिकच्या वड्या विकायला होत्या. जाहिरातीत लिहिलेलं असायचं, अगदी निरुपद्रवी.